अक्का, तुझ्या दारातला बारक्या

अक्का,

तू गेल्यावर दारावर जेवढी माणसं भेटायला आली, त्यांतल्या एकाही माणसासमोर मला बारक्याला गप्प बसवता आलं नाही. सुतक फिटून गंधमुक्ती होईपर्यंत रोज कोणी ना कोणी येत होतं. पहूरच्या आरोग्य केंद्रातल्या तुझ्या जुन्या सोबतिणी जीप करून आल्या. फाटकातून आत पाऊल टाकलं की रडायला सुरुवात करायची, ही आपल्याकडची रीत. पण बारक्या असा अंगावर धावून जायचा की त्यांचं रडणं घशातच अडकायचं. त्या जागच्या जागी उभ्या राहायच्या आणि मी त्याचा पट्टा धरून ओढत असायचे. तुझ्या मरणाला धड रडूही दिलं नाही त्यानं कुणाला.

काशीबाई आल्या होत्या. बारक्यामुळे ज्यांचा हात मोडला, त्याच काशीबाई. त्या फाटकापाशीच थबकल्या. मी धावत गेले. "मावशी, बांधते त्याला, या ना आत."

"ऱ्हावू दे माय," त्या म्हणाल्या. "मी आठूनच हात जोडस." आणि रस्त्यावर उभ्या राहून त्यांनी तुझ्या फोटोला हात जोडले. तिथून त्यांना फोटो दिसतही नव्हता.

मग मी बारक्याला मागच्या न्हाणीघरात कोंडलं. तो आतून दार खरवडत राहिला. पुढे बायका बसलेल्या, मागे ते खरवडणं, आणि मध्ये मी. तुझी धाकटी बहीण, तीस वर्षं वर्गात पोरं सांभाळलेली मास्तरीण. एक कुत्रं सांभाळता येईना मला.

हे कुत्रं मला पहिल्या दिवसापासून नको होतं, हे तुला माहीतच आहे. निवृत्तीच्या दिवशी लोक शाल-नारळ घेऊन घरी येतात. तू सलाईनच्या बाटल्यांच्या खोक्यात एक पिल्लू घेऊन आलीस. आरोग्य केंद्रामागच्या नालीत सापडलं म्हणालीस. तळहाताएवढं होतं, म्हणून बारक्या. वर्षभरात ते वासराएवढं झालं आणि नाव तेवढं बारक्याच राहिलं. तेव्हा दाजी जाऊन सहा वर्षं झाली होती. पिंप्राळ्यातल्या त्या घरात तू एकटी. मी धुळ्याहून म्हणायचे, "अक्का, सोबत पाहिजे तर भाडेकरू ठेव." तू म्हणायचीस, "भाडेकरू दार लावून घेतो. हा दारात बसतो."

दारात बसून तो काय करायचा, तर भुंकायचा. दूधवाल्यावर, कुरिअरवाल्यावर, मीटर बघायला येणाऱ्यावर, आणि मुख्य म्हणजे तुझ्याकडे बीपी मोजायला येणाऱ्या सगळ्या कॉलनीवर. निवृत्त झालीस तरी तुझं काम कुठे सुटलं होतं? सकाळी आठ ते दहा तुझ्या ओट्यावर बायका बसायच्या. तू दंडाला पट्टा आवळायचीस, कानाला नळ्या लावायचीस आणि वहीत लिहून घ्यायचीस. बारक्या मोठा झाला तशा बायका कमी होत गेल्या. "सिस्टर, तुमचं कुत्रं आधी बांधा," असा रस्त्यावरूनच ओरडा यायचा.

मी तुला उपाय सुचवले. साखळीनं बांध. तू आठ दिवस बांधलंस, तो आणखी चवताळला. काठी दाखव. तू नाही म्हणालीस. मी आले की त्याच्यावर ओरडायचे, "ए, गप! गप म्हणते ना!" तेव्हा तू हसत होतीस. "मंगल, तू वरडस ना, तवय त्याला वाटतं तू पण त्याच्यासंगे भुकी ऱ्हायनी." मीही त्याच्यासोबत भुंकतेय, असं.

फाटकावर "कुत्र्यापासून सावध" अशी पाटी लावायलाही तू तयार नव्हतीस. "माझ्या दारावर सावध लिहायचं? लोक बरं वाटावं म्हणून येतात इथं." 

मला तेव्हा पहूरची तुझी क्वार्टर आठवायची. बाबा गेल्यावर तू मला तिथं घेऊन गेलीस, बारावीपर्यंत ठेवलंस. दोन खोल्या आणि दारावर सतत माणसं. कुणाचं पोर तापलंय, कुणाला विंचू चावलाय. तू दोन दोन दिवस नीट झोपलेली नसायचीस. एकदा भर दुपारी तुझा डोळा लागला होता आणि एक बाप मुलीला खांद्यावर घेऊन आला. मी दारातूनच सांगितलं, "सिस्टर घरी नाहीत." तो परत निघाला. तू आतून ऐकलंस. अनवाणी धावत गेलीस त्याच्यामागे. परत आल्यावर मला रागावली नाहीस, पण म्हणालीस, "दारात आलेल्या माणसाला परत पाठवायचं की नाही, ते मी ठरवीन. तू नाही." पस्तीस वर्षांनी बारक्यावरून माझं तुझं वाजलं, तेव्हा तू तेच उकरून काढलंस. "तवय तू भुकत व्हती, आते हाऊ भुकस." तेव्हा मी भुंकत होते, आता हा. मी चिडले. आणि नंतर एसटीत एकटीच हसले, हे तुला कधी सांगितलं नाही.

मग काशीबाईंचं झालं. त्या बीपीसाठी आल्या, फाटक उघडंच होतं, बारक्या झेपावला. चावला नाही. पण त्या मागे सरल्या, पायरी चुकली आणि मनगट मोडलं. तूच पुठ्ठ्याची पट्टी बांधलीस, तूच रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलंस. पुढे महिनाभर रोज सकाळी त्यांच्या घरी जाऊन त्यांची वेणी घातलीस. एका हातानं वेणी घालता येत नाही, हे त्यांच्या घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

पण कॉलनी बिथरली. कुत्रं हलवा, असा निरोप आला. आणि मी, अक्का, कॉलनीच्या बाजूनं झाले. तुला न विचारता पहूरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याशी बोलले. त्याला मळ्यात राखणीला कुत्रं हवंच होतं. एका रविवारी टेम्पो ठरवून मी तुझ्या दारात आले. बारक्या माझ्यावर भुंकत होता आणि मी फाटकाबाहेरून तुला सांगत होते, "त्याचं भलंच होईल तिथं. मोकळं रान आहे."

तू ओट्यावर उभी होतीस. म्हणालीस, "टेम्पो परत पाठव."

"अक्का, हा माझ्यावर भुंकतो. सख्ख्या बहिणीवर! मला तुझ्या घरात शिरता येत नाही."

तेव्हा तू म्हणालीस, अगदी हळू, "घरना मानूसवर कुत्रं भुकत नही. तू पाहुनी व्हई गयी, मंगल."

मी पाहुणी झाले होते हे खरं होतं, म्हणून इतकं लागलं. वर्षातून तीनदा, फार तर चारदा मी येत होते. शाळा, मुलीचं लग्न, ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन, कारणं काय थोडी होती? मी म्हणाले, "मग बस तुझ्या कुत्र्याला घेऊन. मी नाही येत." टेम्पोतच बसून स्टँडवर गेले.

त्यानंतर पाच महिने मी आले नाही. फोनवर बोलायचो, पण कोरडं. जेवलीस का, ऊन किती आहे, ह्यांचा गुडघा कसा आहे. आणि त्याच पाच महिन्यांत तू बारक्याला शिकवायला घेतलंस. मला ते तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. समोरच्या घरातले रफीकभाई, मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारे, तू त्यांना बहाल केलेलं काम ऐकून मी कपाळावर हात मारला होता. रोज संध्याकाळी पाचला त्यांनी दुकानातून येताना तुझ्या फाटकाची बेल वाजवायची, आत यायचं नाही, बारक्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, आडवं तोंड करून उभं राहायचं. तू बेल वाजली की "जागेवर" म्हणायचीस आणि ओट्यावरच्या गोणपाटावर उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकायचीस. बारक्या गोणपाटावर जायचा. रफीकभाई घरी जायचे. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फाटकाला खालून पत्रा ठोकलास, रस्त्यावरचे पाय त्याला दिसू नयेत म्हणून. आणि पाटी लावलीस शेवटी, पण तुझ्या मनासारखी: "बेल वाजवा आणि दोन मिनिटं थांबा. तो गप्प बसतो."

पहिला महिना तो गप्प बसलाच नाही. रफीकभाईंनी मला नंतर सांगितलं, "ताई, मी सिस्टरना म्हणायचो, इसके कान में बात जाती नहीं. तर त्या म्हणायच्या, भाई, माझ्या हातून सुई टोचून घेताना माणसंसुद्धा पहिल्यांदा ओरडतात. उद्या या."

मग एक दिवस तुझा फोन आला. आवाजात पुन्हा ती जुनी अक्का होती. "मंगल, आज तू एक शब्द न बोलता ऐक." फोनमधून बेल ऐकू आली. एकदा भुंकल्याचा आवाज. मग काहीच नाही. मग तुझं हसू. "बसला! मी काही बोलले नाही, बेल ऐकली न् आपला आपण जाऊन बसला. पण हे रफीकभाईंचं झालं. परीक्षेला बाहेरगावचं माणूस पाहिजे. तू ये. ये आणि बेल वाजव."

मी म्हणाले, "परीक्षा संपू देत शाळेच्या."

"येसू ना पन?" तू विचारलंस. येशील ना पण?

"येते गं," मी म्हणाले.

आता ते सांगते, जे तुला तीन दिवस हॉस्पिटलात तुझ्या उशाशी बसूनही सांगितलं नाही.

त्या दिवशी मला दोन फोन आले होते. सगळ्यांना दुसराच माहीत आहे. पहिला शोभावहिनींचा, तुझ्या शेजारच्या. मी वर्गात होते, सहावीला अपूर्णांक शिकवत होते. व्हरांड्यात येऊन फोन घेतला. त्या म्हणाल्या, "मंगलताई, बारक्या आज फार भुंकतोय हो. अक्कांना फोन लावला तर उचलत नाहीत. तुम्ही सांगा ना त्यांना." आणि मी काय म्हणाले माहीत आहे? "वहिनी, मी धुळ्यात बसून काय करू? तिचं कुत्रं आहे, ती बघेल."

फोन ठेवून मी वर्गात गेले. फळ्यावर तीन छेद चार लिहिलं.

चाळीस मिनिटांनी दुसरा फोन आला. तेव्हा शोभावहिनी रडत होत्या. त्यांनी गच्चीवर कपडे काढायला गेल्यावर पाहिलं होतं. तू ओट्यावर पडली होतीस, निम्मी घरात, निम्मी बाहेर. फाटकाला आतून कुलूप. भिंतीवरून कुणी डोकं वर काढलं की बारक्या उसळून अंगावर यायचा. चार-पाच जण जमले होते. कुणाची आत उतरायची हिंमत होत नव्हती. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून भिंतीवर धरला. "ताई, तुम्ही ओरडा त्याला, तुमचा आवाज ओळखेल." मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून ओरडले, "बारक्या! जागेवर! जागेवर!" सगळ्या वर्गांतली पोरं दारात आली. पलीकडून नुसतं भुंकणं ऐकू येत होतं. माझा आवाज तो कशाला ओळखेल? पाच महिने ऐकला नव्हता त्यानं.

मग कुणीतरी दुकानातून रफीकभाईंना आणलं. ते भिंतीवर चढले नाहीत. सरळ फाटकापाशी गेले आणि त्यांनी बेल वाजवली. तू समोर पडलेली दिसत असताना, अक्का, त्यांनी बेल वाजवली आणि आडवं तोंड करून उभे राहिले. फोनवर मला एकदम शांतता ऐकू आली. मला वाटलं फोन कट झाला. रफीकभाई नंतर सांगत होते, "गोणपाटावर जाऊन बसला, ताई. तुमच्या अक्कांच्या डोक्याजवळच होतं ते. पाय लटलट कापत होते त्याचे, पण आम्ही कुलूप तोडून सिस्टरना उचललं तरी उठला नाही."

तुझी शिकवणी पास झाली. मी तिथं नव्हते.

एसटीनं पारोळा, एरंडोल करत मी पोचले तेव्हा तुझी उजवी बाजू गेलेली होती आणि बोलणंही. डावा हात तेवढा हलत होता. तू तो माझ्या हातावर ठेवलास, आणि बोटानं काहीतरी दाबत राहिलीस. मी विचारलं, "बारक्या?" तू डोळे मिटलेस. "तो बरा आहे, रफीकभाई खायला घालताहेत." तुझी बोटं तरी थांबली नाहीत. काय विचारत होतीस ते मला कळलं नाही. पाणी? कुशीवर वळव? की, कधी आलीस? तीन दिवस मी एकामागून एक शब्द म्हणून पाहिले, लहान मुलाला म्हणतात तसे, आणि त्यांतला एकही बरोबर निघाला नाही.

डॉक्टरांना मी एक प्रश्न विचारला नाही. अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर? नर्सची बहीण आहे मी, हे विचारायला हवं हे मला कळत होतं. डॉक्टर दोनदा माझ्यासमोर उभे राहिले, "काही विचारायचंय?" म्हणाले. मी नाही म्हणाले. तू माझ्या जागी असतीस तर विचारलं असतंस आणि उत्तर काहीही आलं तरी सरळ उभी राहिली असतीस. माझ्यात ते नाही. घरी तुझी बीपीची वही सापडली. सगळी कॉलनी आहे त्यात, रफीकभाई आहेत, काशीबाई आहेत. तुझं नाव एकाही पानावर नाही. तुझा पट्टा तुझ्या दंडाला कोण आवळणार होतं? ते माझं काम होतं, असं आता वाटतं. वर्षातून तीनदा का होईना.

तुला स्मशानात पोचवून आम्ही घरी आलो, तेव्हा बारक्या माझ्यावर भुंकला. दारावर लोक यायला लागले, तेव्हा त्यांच्यावरही. चौथ्या दिवशी मला उलगडलं. त्याला तू शिकवलेलं सगळं येत होतं. पण मयताच्या घराचं फाटक सताड उघडं असतं. मयताच्या घरी कुणी बेल वाजवत नाही. तो बेलीची वाट बघत होता आणि माणसं रडत आत शिरत होती. मी बाहेर जाऊन लोकांना सांगायला हवं होतं, "आधी बेल वाजवा." पण नाही गेले. कसं सांगणार गं? बहीण मेलीय माझी, जरा बेल वाजवून या?

गंधमुक्ती झाली, पाहुणे गेले. मग प्रश्न उरला बारक्याचा. रफीकभाई म्हणाले, "मी रोज बघेन त्याला, पण घरात घेता येणार नाही, ताई. अम्मीची नमाज असते." शोभावहिनी चहाचे कप उचलून आत गेल्या. पहूरचा तो शेतकरी अजून तयार होता. मी फोन हातात घेतला होता. नंबरही काढला होता. मग नाही लावला. एवढंच एक मी तुझ्या मनासारखं केलं, आणि तेही तू गेल्यावर.

त्याला धुळ्याला आणलं. हे म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर? जिन्यात माणसं ये-जा करतात दिवसभर. वेडी आहेस का?" मी म्हणाले, "शिकवीन मी. अक्कानं कसं शिकवलं ते मला ठाऊक आहे." गोणपाट आणलं. अंडी उकडली. समोरच्या कुलकर्णी बाईंच्या हातापाया पडून त्यांना तयार केलं, रोज पाचला बेल वाजवा म्हणून. रफीकभाईंना फोन करून सगळं पुन्हा विचारून घेतलं, उभं कसं राहायचं, तुकडा केव्हा टाकायचा. कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलं.

त्याची गरजच पडली नाही, अक्का. तो भुंकतच नाही.

बेल वाजते, तो पडल्या जागी पडून असतो. दूधवाला, पेपरवाला, जिन्यातली पोरं, अनोळखी माणूस दारात येऊन मोठ्यानं बोलला तरी तो कान टवकारत नाही. हे खूश आहेत. "बघ, किती शहाणं झालं," म्हणतात. शेजारी म्हणतात, किती गुणी कुत्रं. गुरांच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला, तब्येत ठीक आहे, खातंय ना? खातो. अंडं दिलं की खातो. पण मला कळतं ना. हे त्याचं दार नाही. इथं कोण येतं, कोण जातं, त्याचं त्याला काय? पाहुण्यासारखा राहतोय तो माझ्याकडे.

भुंकणारं कुत्रं गप्प कसं करायचं, ते तू सगळं करून दाखवलंस. गप्प झालेल्याचं काय करायचं, ते कुणाला विचारू? तू असतीस तर फोन लावला असता. तू म्हणाली असतीस, उद्या पुन्हा बेल वाजव. मी रोज वाजवते. कुलकर्णी बाई कंटाळल्या, आता मीच बाहेर जाऊन वाजवते आणि दार उघडून आत येते. तो एकदा माझ्याकडे बघतो आणि तोंड पंजांवर ठेवतो.

आज सकाळी गॅसवाला आला. सिलिंडर दणकन जमिनीवर आपटला त्यानं. बारक्या हलला नाही. दार लावून मी त्याच्याशेजारी फरशीवर बसले, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तीस वर्षांत आपली जी घरची भाषा तुझ्याशिवाय कुणाशी बोलले नाही, त्या भाषेत त्याला म्हणाले, "भुक ना रे बाबा. एकदाव तरी भुक."